कोंबडा की तलंग?

अक्राणी तालुक्यातल्या एका पाड्यावर जूनच्या सुरुवातीला एका ताईंनी मला विचारले, "भाऊ, यातले कोंबडे कोणते?" डालग्याखाली नऊ पिल्ले होती, सात-आठ आठवड्यांची. मुलीला आश्रमशाळेत पोहोचवायचे होते. पेटी, चप्पल आणि गाडीभाडे यांसाठी पैसे हवे होते. कोंबडे विकायचे, तलंगा ठेवायच्या, असा त्यांचा साधा हिशेब. मी तुरे पाहिले आणि चार पिल्ले बाजूला काढली. ती आठवडे बाजारात विकली गेली.

नाताळच्या सुमारास कळले, की त्या चारांतली दोन शेजारच्या पाड्यावरच्या एका घराने पाळायला नेली होती आणि तिथे ती अंडी घालत होती. गावठी कोंबडी वर्षाला ६०-७० अंडी देते, मध्ये खुडूक बसून पिल्ले काढते ती वेगळीच. इकडे ताईंनी तलंगा म्हणून ठेवलेल्या पाचांतले दोघे आरवू लागले होते. त्या रागावल्या नाहीत. "तुम्ही शिकलेले, म्हणून विचारलं होतं," एवढेच म्हणाल्या.

ईशज्ञानाच्या पदविकेसाठी मी मत्तयच्या २३व्या अध्यायातल्या, पिल्लांना पंखांखाली घेणाऱ्या कोंबडीवर पानेच्या पाने लिहिली होती. पण तोवर एकाही पिल्लाची पाठ नीट पाहिली नव्हती. त्यानंतर जे शिकलो ते इथे देत आहे, कारण आपल्या बचत गटांतल्या बहुतेक भगिनींकडे कोंबड्या आहेत आणि हा प्रश्न प्रत्येक भेटीत निघतो.

आधी जे खरे नाही ते. लांबट, टोकदार अंड्यातून कोंबडा निघतो, ही समजूत फार जुनी आहे, पण तिला आधार नाही. अंड्याचा आकार ते घालणाऱ्या कोंबडीप्रमाणे ठरतो. दोऱ्याला अंगठी बांधून पिल्लावर धरणे, पिल्लू उलटे धरून ते पाय झाडते का पाहणे, हेही सोडून द्यावे. एक गोष्ट मात्र मी सभेत आवर्जून सांगतो. माणसात मूल मुलगा की मुलगी हे बापाच्या बीजावर ठरते, आणि कोंबड्यांत नर की मादी हे आईच्या अंड्यावर. मुलीच होतात म्हणून बाईला बोल लावणारे इथेही भेटतात. त्यांनी निदान बोल लावायला कोंबडी शोधावी.

एक दिवसाच्या पिल्लावरून ओळखणारे लोक उबवणी केंद्रांत असतात. पिल्लाची शेणाची जागा हलकेच उघडून आतला बारीक उंचवटा ते पाहतात. ही विद्या गेल्या शतकात जपानमध्ये पुढे आली आणि ती हातात बसायला खूप सराव लागतो. न शिकलेल्या हाताने दाबले तर पिल्लू मरते. घरी करू नका. पंखांच्या पिसांची लांबी पाहण्याची रीत आहे, पण ती त्यासाठीच जुळवलेल्या जातींत चालते. आपल्या गावठी पिल्लांत नाही.

आता तुरा. पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून नराचा तुरा आणि चोचीखालच्या पाळ्या आधी वाढतात, आधी लाल होतात, पायही जाड दिसतात. हे खरे, पण एकाच जातीच्या, एकाच वयाच्या पिल्लांत. माझी चूक तिथेच झाली. ताईंनी गावठी अंड्यांबरोबर गटातून मिळालेली सुधारित जातीची अंडी एकाच कोंबडीखाली बसवली होती. सुधारित जातीच्या तलंगेचा एकेरी, दातेरी तुरा लवकर मोठा दिसतो. काही गावठी कोंबड्यांचा तुरा वाटाण्यासारखा बसका असतो, आणि तसा नराचाही मोठा होत नाही. मी मोठा तुरा म्हणजे नर, असे धरून चाललो. कडकनाथ पाळणाऱ्यांनी तर लाल रंगाची वाटच पाहू नये. त्याचा तुरा काळपट असतो.

खरी खूण मला ताईंच्या सासूबाईंनी दाखवली. त्यांनी पिल्लू मांडीवर घेतले, शेपटीच्या अलीकडची पाठ बोटाने विंचरली आणि म्हणाल्या, "इथलं पीस येऊ दे. मग बोल." साधारण दहा ते बारा आठवड्यांत तिथे नवी पिसे फुटतात. नराची अरुंद, टोकदार आणि चकाकणारी असतात आणि पुढे दोन्ही बाजूंना लोंबतात. तलंगेची रुंद आणि टोकाशी गोल, बाकी अंगावरच्या पिसांसारखीच. मानेवरून ठरवू नये, कारण तलंगेच्या मानेची पिसेही थोडी निमुळती असतात. पिल्लांच्या झुंजीवरूनही नको, तलंगाही छातीला छाती लावतात. आणि आरवला नाही म्हणून तलंग, असेही नाही. घरात मोठा कोंबडा असेल तर धाकटे पुष्कळदा गप्प राहतात.

मानमोहरीची लस टोचायला आठव्या आठवड्यात प्रत्येक पिल्लू हातात येतेच. तेव्हा पहिला अंदाज करावा आणि पायात रंगीत दोरा बांधावा: नर वाटतो त्याला निळा, तलंग वाटते तिला लाल, कळत नाही त्याला पिवळा. महिन्याने पाठ पाहून दोरे बदलावेत, आणि त्याआधी काही विकू नये. दोरा सैल हवा व दर आठवड्याला पाहावा. पाय वाढतो आणि दोरा मांसात रुततो. एका गटात मी तेही होऊ दिले आहे.

पैशांची निकड महिनाभर थांबत नाही, हे मला माहीत आहे. पण बारा आठवड्यांचा कोंबडा वजनाने भरलेला असतो आणि रंग पाहून घेणारे गिऱ्हाईकही मिळते. देवाच्या मानासाठी ठरावीक रंगाचा कोंबडा शोधणारे लोक जास्त भाव देतात. आपण विश्वासणारे ते करत नाही, पण बाजारात तो भाव आहे, हे लपवून कोणाचे भले होत नाही. आठ-दहा कोंबड्यांमागे एक चांगला नर ठेवला की बाकीचे विकता येतात.

जूनचा खर्च आता गटाच्या कर्जातून भागतो आणि कोंबडे विकून ते फेडले जाते. ताईंकडे यंदा अकरा पिल्ले आहेत. लस टोचताना मी एक उचलले आणि सवयीने तुऱ्याकडे पाहिले. त्यांनी ते माझ्या हातून घेतले, पिवळा दोरा बांधला आणि डालग्याखाली सोडले.