जॉर्ज हॅरिसनच्या आल्बमांचा क्रम कसा लावावा?



परीक्षेत 'क्रम लावा' म्हटले की उत्तर एकच असते. गिटार शिकणाऱ्या मुलांत मात्र 'अमक्याचा कोणता आल्बम पहिला' यावर वाद ठरलेला. आम्ही उदाहरणासाठी 'बीटल्स'चा गिटारवादक जॉर्ज हॅरिसन (१९४३-२००१) घेतला. त्याचे स्वतःच्या नावाचे स्टुडिओ आल्बम बारा.

आधी कसोटी ठरवू. कसोटी गाण्यांची असेल तर पहिला क्रमांक 'ऑल थिंग्ज मस्ट पास'चा (१९७०). लेनन-मॅकार्टनी जोडीपुढे हॅरिसनच्या गाण्यांना बीटल्समध्ये जागा थोडी मिळे. साठलेली गाणी बँड फुटल्यावर बाहेर आली, ती थेट तीन तबकड्यांत! तिसरी तबकडी म्हणजे मित्रांसोबतचे मोकळे वादन. तिचे गुण आम्ही कापतो, तरी पहिला क्रमांक हलत नाही.

आता कसोटी गिटारची लावू. हॅरिसनची खूण म्हणजे स्लाइड गिटार. बोटात काचेची किंवा धातूची नळी घालून ती तारेवर सरकवली की सूर न तुटता एका स्वरावरून दुसऱ्यावर जातो. आपल्या मींडेशी याचे नाते कानाला लगेच कळते. सतारीवर तार आडवी ओढून मींड काढतात, इथे नळी सरकते. कृती वेगळी, परिणाम जवळचा. हॅरिसन १९६६ पासून पंडित रविशंकरांकडे सतार शिकला होता. पुढे सतार मागे पडली, पण कान सतारीचाच राहिला, असे आमचे मत. 'लिव्हिंग इन द मटीरियल वर्ल्ड' (१९७३) मधल्या 'गिव्ह मी लव्ह'ची सुरुवात ऐका. त्याहून सरस 'ब्रेनवॉश्ड' (२००२). हा आल्बम त्याच्या निधनानंतर मुलगा धनी आणि जेफ लिन यांनी पुरा केला. त्यात 'मारवा ब्लूज' नावाची शब्दांविना रचना आहे. तिला २००४ साली ग्रॅमी मिळाले. गिटारच्या कसोटीवर आम्ही 'ब्रेनवॉश्ड'लाच पहिला मान देऊ.

'वंडरवॉल म्युझिक' (१९६८) या दोन्ही कसोट्यांवर मागे पडतो, कारण ते एका चित्रपटाचे पार्श्वसंगीत आहे. त्याचा बराच भाग जानेवारी १९६८ मध्ये मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाला. संतूरवर शिवकुमार शर्मा आहेत. रॉक संगीत शाळेच्या पत्रिकेत कशाला, असे ज्या पालकांना वाटते त्यांनी हा एक तरी ऐकावा. नव्या प्रयोगाची कसोटी लावली की तोच वर चढतो.

'डार्क हॉर्स' (१९७४) अनेकजण तळाशी टाकतात. दौऱ्याच्या घाईत त्याचा घसा बसला होता आणि ते ऐकू येते. पण बसलेला आवाज हा गाण्याचा दोष नव्हे. आमच्या यादीत तळाला 'गॉन ट्रॉपो' (१९८२) आहे. त्यात त्याचेच मन लागलेले दिसत नाही. पाच वर्षांनी आलेल्या 'क्लाउड नाइन'मध्ये (१९८७) उत्साह परत येतो, म्हणून तो वरच्या चारांत. 'इलेक्ट्रॉनिक साउंड' (१९६९) मध्ये मूग सिंथेसायझरवरचे दोन लांब तुकडे आहेत, गिटार नाही. त्याला आम्ही क्रमच दिलेला नाही.

स्वाध्याय : वरीलपैकी कोणतेही तीन आल्बम ऐकून क्रम लावा. आधी कसोटी लिहा. मग कसोटी बदलून पुन्हा क्रम लावा. कोणता आल्बम जागचा हलला नाही ते कारणासह लिहा.