वैमानिकांच्या स्मृतिचिन्हांची पारख

प्रश्न : १९४० साली ब्रिटनच्या आकाशात लढलेल्या वैमानिकांच्या स्मरणार्थ त्यांच्या वस्तूंचा संग्रह करण्याचा मानस आहे. आरंभ पदकांपासून करावा काय?
— एक वाचक, लंडन

उत्तर : पदकांपासून करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. १० जुलै ते ३१ ऑक्टोबर १९४० या मुदतीत ठरावीक तुकड्यांतून निदान एक युद्धोड्डाण केलेल्यांस ‘१९३९-४५ तारा’ या पदकाच्या फितीवर लावण्यासाठी जी सोनेरी पट्टी बहाल झाली, तिच्यावर धारकाचे नाव कोरलेले नसे. साहजिकच दस्तऐवजाविना हाती आलेली पट्टी कोणाची हे सांगणे अशक्य, आणि नकला तर बाजारात उदंड. याउलट वैमानिकाची उड्डाणनोंदवही, जिच्यात तारीख, विमानाचा प्रकार, कामगिरी आणि हवेत घालविलेला वेळ त्याच्याच हस्ताक्षरात उतरलेला असतो व महिनाअखेर वरिष्ठाची सही पडलेली असते, ती स्वतःच साक्षीदार होय. जीवघेण्या झुंजीचीही बोळवण तेथे दोन-चार शब्दांत झालेली आढळते. हा मितभाषीपणा आपल्या बखरकारांना मुळीच मानवला नसता! या मजकुराची खातरजमा क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारातील स्क्वाड्रनांच्या कार्यवृत्तांशी ताडून करावी.

कोसळलेल्या विमानांच्या अवशेषांबाबत मात्र सावध असावे : १९८६ च्या लष्करी अवशेष संरक्षण कायद्यान्वये संरक्षण खात्याच्या परवान्यावाचून ब्रिटनमध्ये ते उकरणे गुन्हा आहे, म्हणून त्यानंतर निघालेल्या तुकड्याबरोबर परवान्याची नक्कल मागावी. आणि नोंदवही विकणारे वैमानिकाचेच वारस असतील, तर तिची छायाप्रत घरी ठेवून घेण्याची त्यांना अवश्य विनंती करावी.