यंत्राच्या पोटातील प्रणाली

संगणक म्हटला की पडदा आणि कळफलक असलेले एक यंत्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु आज जगात चालणाऱ्या बहुसंख्य संगणकांना पडदाही नसतो आणि कळफलकही नसतो. ते दुसऱ्या एखाद्या यंत्राच्या पोटात दडलेले असतात. घराच्या कोपऱ्यात लुकलुकणारा राउटर, दुकानातील बिल छापणारे यंत्र, विजेचा नवा मीटर, रुग्णालयात खाटेशेजारी नाडीचे ठोके दाखविणारे उपकरण, मोटारीतील नियंत्रक या सर्वांच्या अंतर्भागात एक लहानसा संगणक अखंड काम करीत असतो. अशा संगणकांना अंतःस्थापित संगणक असे म्हणतात. त्यांपैकी पुष्कळांवर लिनक्स ही प्रणाली चालते. ही प्रणाली त्या इवल्याशा यंत्रात पोहोचते कशी, हा या प्रकरणाचा विषय आहे.

तयार कपडा आणि शिवलेला कपडा

टेबलावरील संगणकासाठी लिनक्सचे तयार संच मिळतात. त्यांत हजारो आज्ञावली असतात आणि त्या कोणत्याही ग्राहकाच्या उपयोगी पडाव्यात अशी त्यांची रचना असते. अंतःस्थापित यंत्राची गोष्ट वेगळी आहे. त्याची स्मृती तुटपुंजी असते आणि काम ठरलेले असते. शिवाय प्रत्येक कारखानदाराच्या यंत्रातील प्रोसेसर व त्याभोवतीचे सुटे भाग वेगळे असतात. येथे तयार कपडा उपयोगी पडत नाही. माप घेऊनच शिवावा लागतो.

या मापाच्या कपड्याचे मुख्य तुकडे तीन. वीज सुरू होताच यंत्राला जागे करणारी लहान आज्ञावली हा पहिला. प्रोसेसर, स्मृती व सुटे भाग यांच्यावर नियंत्रण ठेवणारा लिनक्सचा गाभा हा दुसरा. त्या गाभ्यावर चालणाऱ्या आज्ञावली, त्यांना लागणारी ग्रंथालये आणि मांडणीच्या फाइली यांचा संच हा तिसरा. तिन्ही तुकडे एकत्र बांधून जी एक सलग फाइल तयार होते तिला प्रतिमा म्हणतात. कारखान्यात यंत्राच्या स्मृतीवर हीच प्रतिमा उतरविली जाते.

ही जुळणी यंत्रावरच का करू नये, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. मानवाने लिहिलेल्या मूळ संहितेचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीला संकलक म्हणतात. संकलकाला भरपूर स्मृती आणि वेगवान प्रोसेसर लागतो. राउटरपाशी यांपैकी काहीच नसते. म्हणून रूपांतराचे काम मोठ्या संगणकावर करावे लागते; मात्र तयार होणारी यंत्रभाषा त्या मोठ्या संगणकाला न समजणारी, लहान यंत्राच्या प्रोसेसरची असते. याला परसंकलन म्हणता येईल. यात एक पेचही आहे. सी भाषेचे मूलभूत ग्रंथालय तयार करण्यास संकलक हवा, आणि संकलक परिपूर्ण होण्यास ते ग्रंथालय हवे. यासाठी प्रथम एक अपुरा संकलक तयार करतात, त्याच्या साह्याने ग्रंथालय घडवितात आणि मग त्या ग्रंथालयाच्या आधारे पूर्ण संकलक बनवितात. हे सर्व हातांनी करू लागल्यास चूक होण्याच्या जागा शेकड्यांनी निघतात.

एका राउटरची कथा

येथे थोडा इतिहास पाहणे उचित होईल. लिनक्सचा गाभा फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये प्रथम प्रसिद्ध केला आणि १९९२ मध्ये तो जीपीएल या सार्वजनिक परवान्याखाली आणला. रिचर्ड स्टॉलमन यांनी घडविलेल्या या परवान्याची एक अट महत्त्वाची आहे. जो कोणी यंत्रभाषेतील आज्ञावली दुसऱ्यास देईल, त्याने तिची मूळ संहिताही उपलब्ध केली पाहिजे. इतकेच नव्हे, तर संकलन व स्थापना यांचे नियंत्रण करणाऱ्या सूचनांचाही समावेश हा परवाना मूळ संहितेत करतो. शिधा हाती आला आणि कृती मिळाली नाही, तर पक्वान्न होत नाही, हे परवाना लिहिणाऱ्यांनी ओळखले होते.

लिंक्सिस कंपनीचा डब्ल्यूआरटी५४जी हा राउटर २००२ च्या अखेरीस बाजारात आला. त्यात लिनक्स असल्याचे जाणकारांच्या ध्यानात आले, परवान्यातील अटीची आठवण करून देण्यात आली आणि २००३ मध्ये त्याची मूळ संहिता प्रसिद्ध झाली. या राउटरच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत कायम स्मृती होती अवघी ४ मेगाबाइट. ती संहिता आणि बिल्डरूट नावाचे एक जुळणी-साधन यांच्या आधारे जानेवारी २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प सुरू झाला. राउटरच्या मालकाला आपल्या यंत्रासाठी स्वतः प्रणाली घडविता येऊ लागली. तो प्रकल्प आजही चालू आहे, आणि निर्मात्यांनी ज्यांच्याकडे केव्हाच पाठ फिरविली अशी कितीतरी यंत्रे त्याच्या आधाराने चालत राहिली आहेत.

पाककृती आणि थर

याच सुमारास, २००३ मध्ये, ओपनएम्बेडेड हा दुसरा प्रकल्प आकारास आला. त्याची मुळे शार्प कंपनीच्या झॉरस या हातात मावणाऱ्या संगणकासाठी चाललेल्या कामात होती. पुढे ऑक्टोबर २०१० मध्ये लिनक्स फाउंडेशनने योक्टो प्रकल्पाची घोषणा केली आणि २०११ पासून दोन्ही प्रकल्प एका सामाईक पायावर काम करू लागले. योक्टो हा मापनपद्धतीतील उपसर्ग आहे. एकावर चोवीस शून्ये देऊन होणाऱ्या संख्येने एकाला भागले असता जे येते ते दर्शविण्यासाठी तो वापरतात. प्रकल्पाचे नाव ठेवले गेले तेव्हा त्याहून लहान उपसर्ग नव्हता. २०२२ मध्ये आणखी दोन लहान उपसर्ग मान्य झाले.

योक्टो ही स्वतः लिनक्सची प्रणाली नव्हे, तर प्रणाली घडविण्याची सामग्री होय. तिचा कणा म्हणजे बिटबेक नावाची आज्ञावली. तिच्या नावातच भाजणे आहे, आणि ती ज्या लहान फाइली वाचते त्यांना पाककृती म्हणतात. प्रत्येक पाककृतीत एका घटकाची माहिती असते: मूळ संहिता कोठून आणावी, ती अस्सल आहे हे कोणत्या पडताळा-अंकावरून ओळखावे, तिच्यावर कोणती ठिगळे लावावीत, आधी कोणते घटक तयार असावेत, रूपांतर कसे करावे आणि तयार झालेले कोठे ठेवावे. घटकाचा परवानाही तेथे नोंदविलेला असतो. परवान्याच्या मजकुरात एका अक्षराचा बदल झाला तरी पडताळा जुळत नाही आणि काम थांबते. मग माणसाने तो मजकूर वाचून निर्णय घ्यावयाचा असतो.

बिटबेक सर्व पाककृती वाचून कोणते काम कोणत्या कामानंतर यावे याचा आराखडा मांडते आणि परस्परांवर अवलंबून नसलेली कामे एकाच वेळी सुरू करते. प्रत्येक कामाला लागणाऱ्या सर्व गोष्टींवरून ती एक ओळखखूण काढते. खूण पूर्वीसारखीच असेल तर ते काम पुन्हा न करता जुने फलित वापरले जाते. त्यामुळे पहिल्या जुळणीस कित्येक तास लागले, तरी पुढच्या जुळण्या काही मिनिटांत होऊ शकतात.

पाककृतींची मांडणी थरांत केलेली असते. सर्वांना समान असा मूळ थर तळाशी. त्यावर प्रोसेसर बनविणाऱ्या कंपनीचा थर, आणि सर्वांत वर यंत्राच्या निर्मात्याचा स्वतःचा थर. खालच्या थरातील पाककृतीत बदल हवा असेल तर ती खोडावी लागत नाही. वरच्या थरात पुरवणी जोडली की पुरते. उद्या प्रोसेसर बदलला तर मधला थर बदलावा, वरचा बव्हंशी तसाच राहतो.

यासाठी मोलही द्यावे लागते. योक्टो शिकण्यास अवघड आहे आणि जुळणीसाठी शंभर गिगाबाइट वा त्याहूनही अधिक मोकळी जागा लागू शकते. बिल्डरूट त्या मानाने साधे आहे. यादीतून हवे ते निवडावे, एक आज्ञा द्यावी आणि प्रतिमा मिळवावी. एकच यंत्र करावयाचे असेल तर ते पुरेसे होते. अनेक यंत्रे अनेक वर्षे सांभाळावयाची असतील तर थरांचा उपयोग कळू लागतो.

विक्रीनंतरचे आयुष्य

या साधनांचे खरे महत्त्व यंत्र विकले गेल्यानंतर दिसून येते. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक आज्ञावलीने कारखान्यातून आलेले परवलीचे शब्द न बदललेले असंख्य कॅमेरे व राउटर ताब्यात घेतले. त्याच वर्षी २१ ऑक्टोबर रोजी त्यांच्याकरवी झालेल्या हल्ल्यामुळे अमेरिकेत अनेक प्रमुख संकेतस्थळे काही तास अनुपलब्ध झाली. अशा यंत्रांत दुरुस्ती करावयाची तर नवी प्रतिमा घडवावी लागते. ज्या निर्मात्यापाशी पहिल्या प्रतिमेची कृतीच उरलेली नाही, त्याला ते कसे साधावे?

दुसरे संकट तारीखवार ठरलेले आहे. पुष्कळ लहान यंत्रे १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद बत्तीस अंकस्थानांच्या द्विमान संख्येत मोजतात. तीत मावणारी कमाल संख्या २,१४,७४,८३,६४७ आहे. जागतिक प्रमाणवेळेनुसार १९ जानेवारी २०३८ रोजी पहाटे ३ वाजून १४ मिनिटे ७ सेकंदांनी ती गाठली जाईल आणि पुढच्याच क्षणी अशी यंत्रे १९०१ सालात जाऊन पडतील. गाभ्यात यावरील उपाय २०२० मध्ये पूर्ण झाला. पण तो जुन्या यंत्रात आपोआप शिरत नाही. गाभा, ग्रंथालय आणि आज्ञावली यांची जुळणी पुन्हा करावीच लागते.

कायद्यानेही आता याची दखल घेतली आहे. १० डिसेंबर २०२४ रोजी अमलात आलेल्या युरोपीय संघाच्या सायबर रेझिलिअन्स अ‍ॅक्टनुसार, यंत्रात कोणकोणते सॉफ्टवेअर-घटक आहेत याची यादी निर्मात्याने ठेवावयाची आहे. ही व इतर मुख्य बंधने डिसेंबर २०२७ पासून लागू होतील. पाककृतींवरून जुळणी करणाऱ्याला ही यादी नव्याने शोधत बसावे लागत नाही. योक्टोमध्ये ती जुळणीबरोबरच तयार करता येते.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होईल. यंत्राच्या पोटात काय आहे हे ज्याला लिहून दाखविता येते आणि त्या लिखितावरून तेच यंत्र पुन्हा घडविता येते, त्यालाच त्या यंत्राची जबाबदारी घेता येते. हाताने एकदा जुळवून विसरलेली प्रतिमा करणाऱ्याबरोबर नाहीशी होते. जपून ठेवलेली पाककृती मात्र दहा वर्षांनंतरही एखाद्या अनोळखी दुरुस्तकाला उपयोगी पडते.