गर्दीतला तो आवाज कोणाचा?

फुटबॉलच्या मैदानावर हजारो माणसे एकाच वेळी ओरडत असतात. त्या गदारोळात कुणी एखाद्या काळ्या खेळाडूला 'माकड' म्हणून हिणवले, तर दोष कोणाचा? गर्दीचा, की त्या एका माणसाचा? तत्त्वज्ञानाच्या वर्गात 'सामूहिक जबाबदारी' या विषयावर तासन् तास वाद घालता येतो. न्यायाधीशाला ती चैन परवडत नाही. त्याला समोर उभ्या असलेल्या माणसाविषयीच निर्णय द्यावा लागतो.

इंग्लंडने १९९१ साली यासाठी कायदा केला. सामन्याच्या वेळी वर्णद्वेषी घोषणा देणे हा गुन्हा ठरला. परंतु 'घोषणा' म्हणजे काय? तर एकाहून अधिक लोकांनी मिळून पुन्हा पुन्हा उच्चारलेले शब्द किंवा काढलेले आवाज! म्हणजे दहा जण मिळून ओरडले तर गुन्हेगार, आणि एकटाच नव्वद मिनिटे ओरडणारा या कलमातून मोकळा. ही पळवाट बुजवायला १९९९ साल उजाडले. दुरुस्तीने 'एकट्याने किंवा इतरांसह' असे शब्द घातले. दंड एक हजार पौंडांपर्यंतच आहे. पण त्याशिवाय न्यायालय तीन ते पाच वर्षे सामन्यांना येण्यास बंदी घालू शकते. ज्याचा शनिवार फुटबॉलवाचून सरत नाही, त्याला दंडापेक्षा ही बंदीच अधिक झोंबत असावी.

स्पेनमध्ये मात्र बराच काळ क्लबवरच कारवाई होत असे. २१ मे २०२३ रोजी वॅलेन्सियाच्या मेस्ताया स्टेडियममध्ये रिअल माद्रिदचा ब्राझिलियन खेळाडू विनिसियस ज्युनियर याला माकडाचे हावभाव करून, आवाज काढून हिणवण्यात आले. गोलमागे बसलेल्या एकाकडे त्याने बोट दाखवले, खेळ थांबला. पुढे झटापटीत त्यालाच लाल कार्ड मिळाले (ते नंतर रद्द झाले). फुटबॉल महासंघाने वॅलेन्सिया क्लबला ४५ हजार युरो दंड केला व स्टेडियमचा एक भाग पाच सामन्यांसाठी बंद केला. अपिलात दंड २७ हजारांवर आणि बंदी तीन सामन्यांवर आली. म्हणजे त्या भागात गप्प बसलेल्यांनाही तीच शिक्षा!

खरा बदल १० जून २०२४ रोजी झाला. न्यायालयाने तिघा प्रेक्षकांना आठ महिने कैद व दोन वर्षे स्टेडियमबंदी सुनावली. स्टेडियममधील वर्णद्वेषी शिवीगाळीबद्दल स्पेनमधील ही पहिलीच शिक्षा. मुळात ती बारा महिन्यांची होती; गुन्हा कबूल केल्यामुळे एक तृतीयांश कमी झाली. तिघांनी माफीचे पत्रही वाचून दाखवले.

आता कुणी म्हणेल, स्पेनमध्ये पहिल्याच अहिंसक गुन्ह्यासाठी दोन वर्षांपर्यंतची कैद झाली, तर सहसा तुरुंगात जावे लागत नाही. मग ही शिक्षा की शिक्षेचे सोंग? शंका रास्त आहे. तरीही मला ती पोकळ वाटत नाही. गर्दीत लपलेल्या माणसाला बाहेर काढून 'हे तू केलेस' असे न्यायालयाने सांगितले, आणि त्याने 'होय, मी केले' असे कबूल केले. क्लबच्या दंडातून हे कधीच घडले नसते.

पुढे मे २०२५ मध्ये आणखी पाच जण दोषी ठरले. त्यांनी डिसेंबर २०२२ मध्ये वायादोलिदच्या सामन्यात याच खेळाडूला शिव्या दिल्या होत्या. या वेळी न्यायालयाने त्यांच्या कृत्याला 'द्वेषमूलक गुन्हा' म्हटले. एक वर्षाची कैद स्थगित ठेवली, पण अट घातली: तीन वर्षे पुन्हा गुन्हा करायचा नाही, आणि स्टेडियमची पायरी चढायची नाही.