पासपोर्ट : ऑफर लेटरच्या आधी सोडवायचा पेपर

थर्ड इयरचा निकाल लागला की आपल्या कॉलेजात दोन याद्या फिरू लागतात. एक प्लेसमेंटवाल्यांची आणि दुसरी जीआरई-टोफेल देणाऱ्यांची. पासपोर्ट दोघांनाही लागतो, पण बहुतेकांना त्याची आठवण होते तेव्हा हातात महिना-दीड महिनाच उरलेला असतो. माझा पासपोर्ट मी थर्ड इयरला असतानाच काढला आणि त्यानंतर होस्टेलवरच्या आठ-दहा मित्रांचे फॉर्म भरून दिले. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. पासपोर्ट केंद्रावर फारसं काही अडत नाही. अडतं ते घरच्या पेटीतल्या कागदांवर. तेव्हा आधी कागद, मग अर्ज, या क्रमानं हा विषय बघू.

पासपोर्ट ही मेहेरबानी नाही

१९६७ पर्यंत पासपोर्ट द्यायचा की नाही हे सरकारच्या मर्जीवर होतं. त्यासाठी धड कायदाच नव्हता. सतवंतसिंग साहनी या व्यापाऱ्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल १९६७ मध्ये निकाल दिला, की परदेशी जाण्याचा हक्क हा घटनेच्या कलम २१ मधल्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे. त्यानंतर २४ जून १९६७ रोजी पासपोर्ट कायदा आला. पुढे १९७८ मध्ये मनेका गांधी खटल्यात न्यायालयानं आणखी बजावलं, की पासपोर्ट काढून घ्यायचा तर त्याची रीतही न्याय्य हवी. म्हणजे खिडकीसमोर आपण उभे राहतो ते हक्क मागायला. मात्र हक्क मागताना खरी माहिती देणं हे आपलं काम. खोटी माहिती दिली तर याच कायद्याच्या कलम १२ प्रमाणे दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

पहिला प्रश्न : नाव

आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग आपलं नाव, मग वडिलांचं नाव असा क्रम असतो. पासपोर्टच्या फॉर्ममध्ये दोनच रकाने आहेत : दिलेलं नाव आणि आडनाव. आपल्याकडच्या पद्धतीप्रमाणे पहिल्या रकान्यात स्वतःचं नाव आणि त्यापुढे वडिलांचं नाव, दुसऱ्यात फक्त आडनाव लिहायचं. आडनावाचा रकाना रिकामा सोडू नका. संयुक्त अरब अमिरातीनं नोव्हेंबर २०२२ पासून एकेरी नावाच्या पासपोर्टवर पर्यटन व्हिसा देणं बंद केलं आहे.

खरी डोकेदुखी स्पेलिंगची. चव्हाण हे साधं आडनाव घ्या. एकाच घरात ते सी-एच-ए-व्ही-ए-एन, सी-एच-ए-व्ही-एच-ए-एन आणि सी-एच-ए-डब्ल्यू-एच-ए-एन असं तीन प्रकारे लिहिलेलं मी पाहिलं आहे. दहावीच्या सनदेवर एक, आधारवर दुसरं, बँकेच्या पासबुकावर तिसरं. इंजिनिअरिंगच्या मुलांनी दहावीची सनद हाच पाया धरावा, कारण पुढची डिग्री त्याच नावानं छापून येते. बाकीचे कागद तिच्याशी जुळवून घ्यायचे. सनदेवरचंच नाव चुकीचं असेल तर राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्यावा लागतो. त्यात वेळ जातो, म्हणून हे काम सेकंड इयरलाच हाती घ्या.

आणखी एक. डिसेंबर २०१६ च्या नियमांपासून फॉर्ममध्ये आई-वडील दोघांचं नाव असलंच पाहिजे असं नाही, एकाचं चालतं. आईनं एकटीनं वाढवलेल्या मित्रांनी हे लक्षात ठेवावं.

दुसरा प्रश्न : जन्मतारीख

आपल्या जिल्ह्यातल्या कुठल्याही शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर उघडा. १ जूनला जन्मलेली मुलं चिक्कार सापडतील! जन्म घरी झालेला, नोंद झालेली नाही, मग पहिलीत नाव घालताना वय बसेल अशी तारीख गुरुजींनी लावून दिली. दिग्रस तालुक्यातल्या एका तांड्यावरच्या माझ्या मित्राचं असंच. शाळेत १ जून आणि आधारवर १ जानेवारी. त्याच्या वडिलांना विचारलं तर म्हणाले, "गुरुजीनं लावली थे तारीख, आमाले काय ठाव? पाऊस लागला होता, येवढंच ध्यानात हाय बापा." त्याच्या हातात कंपनीचं पत्र होतं आणि जॉइनिंगआधी पासपोर्ट नंबर कळवायचा होता. आम्ही आधी दहावीच्या सनदेवरून आधारची तारीख दुरुस्त करून घेतली आणि मगच अर्ज केला. पासपोर्ट वेळेत आला, पण मधले दिवस त्याला नीट झोप नव्हती. आधारवरची जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलता येते, हेही माहीत असू द्या.

नियम काय सांगतो? पूर्वी २६ जानेवारी १९८९ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांना जन्माचा दाखला सक्तीचा होता. डिसेंबर २०१६ मध्ये ती सक्ती गेली. २०२५ च्या दुरुस्तीप्रमाणे १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांनाच फक्त जन्मदाखला लागतो. म्हणजे आपल्या घरातल्या तान्ह्या भाच्या-पुतण्यांना तो लागेल. आपल्याला शाळा सोडल्याचा दाखला, दहावीची सनद, पॅन, लायसन्स यांपैकी एक पुरतो. पण सगळ्यांवर तारीख एकच असली पाहिजे.

जन्मस्थळाचंही बघा. आपल्या शहराचं जुनं इंग्रजी स्पेलिंग वाय-ई-ओ-टी-एम-ए-एल असं होतं. जुन्या दाखल्यांवर अजून ते भेटतं. फॉर्ममध्ये आजचंच लिहा.

आता अर्ज

आपला जिल्हा नागपूरच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाकडे येतो. अर्ज सरकारच्या पासपोर्ट सेवा संकेतस्थळावरच भरायचा. तशाच दिसणाऱ्या खाजगी साइट जास्तीचे पैसे घेतात. साध्या ३६ पानी पासपोर्टची फी २०१२ पासून १५०० रुपये आहे, तत्काळला २००० जास्त. नागपूरच्या हाताखालच्या केंद्रांची यादी स्क्रीनवर येते. त्यातलं सोयीचं केंद्र आणि तारीख निवडा. २०१७ पासून काही पोस्ट ऑफिसांतही केंद्रं निघाली आहेत, तीही त्याच यादीत दिसतात. २०१८ पासून देशात कुठूनही अर्ज करता येतो, त्यामुळे पुण्यात इंटर्नशिप करणाऱ्यानं त्यासाठी गावी यायची गरज नाही.

केंद्रावर ए, बी, सी अशा तीन पायऱ्या असतात. ए वर कागद स्कॅन होतात, फोटो आणि बोटांचे ठसे घेतात. बी वर सरकारी अधिकारी कागद तपासतो आणि सी वर मंजुरी मिळते. मूळ कागद सोबत हवेतच. दहावीची सनद जन्मतारखेसाठी नको असली तरी न्या. दहावी पास असल्याचा पुरावा दिला की आखातासारख्या ठिकाणी नोकरीला जाताना वेगळी इमिग्रेशन मंजुरी लागत नाही.

मग पोलीस पडताळणी. सध्याचा पत्ता जो लिहाल तिथलंच ठाणं चौकशी करतं. परीक्षा संपल्यावर रूम सोडणार असाल तर तो पत्ता देऊ नका, नाहीतर पोलीस येतील आणि घरमालक "पोरगा गेला ना जी गावाले" म्हणून मोकळा होईल. या पडताळणीची वेगळी फी नसते. आंदोलनात वगैरे नाव आलं असेल तर लपवू नका. न्यायालयात फौजदारी खटला चालू असेल तर त्याच न्यायालयाची परवानगी घेऊन पासपोर्ट मिळू शकतो.

शेवटच्या दोन ओळींचं गणित

हा भाग खास आपल्यासाठी. पासपोर्टवर फोटोखाली ४४-४४ अक्षरांच्या दोन ओळी असतात, त्या यंत्रासाठी. पहिलीत सुरुवातीची पाच घरं पासपोर्टचा प्रकार आणि देश यांची, उरलेली ३९ नावाची. आडनाव आधी येतं. रिकाम्या जागी कोनी खूण भरतात. दुसऱ्या ओळीत नंबर, जन्मतारीख आणि मुदत यांच्या मागे एकेक तपासणी अंक असतो. तो असा काढतात : आकड्यांना क्रमानं ७, ३, १ नं गुणा, बेरीज करा, दहानं भागून बाकी घ्या.

समजा तारीख १ जून २००४. यंत्र ती ०४०६०१ अशी लिहितं. गुणाकार ०, १२, ०, ४२, ०, १. बेरीज ५५, बाकी ५. म्हणून तपासणी अंक ५. या तिन्ही गुणकांचा दहाशी सामाईक अवयव नाही, त्यामुळे एक आकडा चुकला तर हमखास पकडला जातो. शेजारचे दोन आकडे उलटे पडले तर? ५ चा फरक असेल तेवढी जोडी निसटते. का, ते वहीत करून बघा!

ई-पासपोर्टमध्ये हीच माहिती चिपमध्ये डिजिटल सहीसह असते. त्याची प्रायोगिक सुरुवात एप्रिल २०२४ मध्ये झाली आणि सुरुवातीच्या कार्यालयांत आपलं नागपूर होतं. जुना पासपोर्ट मुदतीपर्यंत चालतो, उगाच बदलू नका. मुदत दहा वर्षांची आहे. नूतनीकरण संपण्याच्या वर्षभर आधीपासून करता येतं आणि नंबर नवा मिळतो. पुष्कळ देश सहा महिने मुदत शिल्लक मागतात, म्हणून शेवटच्या महिन्याची वाट बघू नका.

पण एवढी हुशार यंत्रणा असूनही तिला टायपिंगची चूक कळते. गुरुजींनी अंदाजे लिहिलेली तारीख किंवा तीन प्रकारे लिहिलेलं आडनाव तिला दुरुस्त करता येत नाही. तेवढं काम आपलंच. येत्या दिवाळीच्या सुटीत घरी गेलात की एक संध्याकाळ काढा. सनद, दाखला, आधार, पॅन एका ओळीत मांडा आणि नाव, तारीख, गाव अक्षरागणिक ताडून बघा. आई-बाबांचे कागदही त्यातच पाहून घ्या. तहान लागल्यावर विहीर खणायला बसू नये, एवढंच सांगणं.