आकडा नको, केबल बघा

पावसाळ्यात इंदूरच्या बाहेर सायकल काढणाऱ्याला माळव्याच्या काळ्या मातीशी आधी जुळवून घ्यावं लागतं. ही माती पाणी पिऊन फुगते आणि ज्याला लागली त्याला सोडत नाही. यशवंत सागरच्या बाजूला सोयाबीनच्या शेतांमधून जाणाऱ्या गाडरस्त्यावर आषाढात शिरलात, तर थोड्याच वेळात टायर दुप्पट जाड दिसू लागतो, आणि पुढच्या डिरेलरच्या पिंजऱ्यात चिखल असा बसतो की लिव्हर दाबला तरी डिरेलर हलत नाही. म्हणून अशा वाटांवर पुढे एकच चेनरिंग असलेली सायकल चांगली. पुढचा डिरेलर नाही, त्याची केबल नाही, अडकायला जागाही नाही.

चिखलाचंच म्हणाल तर, युरोपातले सायक्लोक्रॉसवाले थंडीतल्या चिखलात, गवतात, वाळूत सायकल पळवतात आणि जमेना तेव्हा खांद्यावर घेऊन धावतात. या खेळाची पहिली जागतिक स्पर्धा 1950 साली पॅरिसला झाली. शर्यतीच्या नियमाप्रमाणे टायर 33 मिलिमीटरपेक्षा रुंद चालत नाही. आपल्याला शर्यत लावायची नाही, त्यामुळे फ्रेममध्ये मावेल तेवढा रुंद टायर घालावा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना मातीला निसटायला जागा ठेवावी.

माझ्या भाच्याला अशीच सायकल हवी होती आणि तयार घेण्याइतके पैसे नव्हते. जुनी फ्रेम मिळाली, ड्रॉप हँडलचे शिमानो टियाग्रा 4600 मालिकेतले दहा गियरचे शिफ्टर वापरलेले पण चांगल्या स्थितीत मिळाले. डिरेलर घ्यायला तो एका दुकानात गेला. दुकानदाराने शिमानोचाच, माउंटन बाइकचा, दहा गियरचा नवा डिओरे डिरेलर पुढे केला. भाच्याने तिथूनच फोन लावला, "मामा, शिफ्टर दहाचा, हा पण दहाचा, कंपनी एकच. दुकानवाले म्हणतायत डोळे मिटून घ्या." मोठ्या चक्र्यांसाठी बनवलेला, चेन ताणून धरणारा क्लच असलेला सुंदर डिरेलर होता तो. त्याने घेतला.

सायकल जोडून झाली आणि गियर बसेनात. सगळ्यात लहान चक्रीवर चेन शांत चाले, दुसऱ्या-तिसऱ्या क्लिकला खरखर सुरू होई, आणि मधल्या भागात चेन दोन चक्र्यांच्या मध्ये उभी राही. गल्लीतल्या मिस्त्रीने प्रेमाने हात लावला. "भिया, केबल ढीली है, कस देता हूँ." त्याने कसली, तर वरच्या चक्र्या थोड्या जुळल्या आणि खालच्या बिघडल्या. डिरेलर ज्यावर टांगतात तो हँगर सरळ केला, केबल बदलली, तरी तेच. शेवटी सिमरोळच्या पुढे, भेरूघाटाच्या चढावर उभं राहून पायडल मारताना चेन सटकली आणि पोराचा गुडघा हँडलवर आदळला. तेव्हा मी सायकल घरी आणून स्टँडवर चढवली आणि केबलचा हिशोब मांडला.

तो हिशोब असा आहे. त्या शिफ्टरची एक क्लिक साधारण 2.3 मिलिमीटर केबल ओढते. शिमानोच्या जुन्या रोड डिरेलरचं गुणोत्तर 1.7 आहे, म्हणजे केबल जितकी ओढली त्याच्या 1.7 पट डिरेलर आत सरकतो, 3.9 मिलिमीटर. दहा चक्र्यांच्या कॅसेटमध्ये शेजारच्या दोन चक्र्यांमधलं अंतर 3.95 मिलिमीटर. बरोबर जुळतं. पण शिमानोने माउंटन बाइकच्या दहा गियरसाठी ते गुणोत्तर 1.2 वर आणलं आणि शिफ्टरला एका क्लिकमध्ये जास्त केबल ओढायला लावली. जुना रोड शिफ्टर या नव्या डिरेलरला जोडला तर क्लिकमागे चेन जेमतेम 2.8 मिलिमीटर सरकते. नऊ क्लिक संपल्या की 25 मिलिमीटर अंतर कापलं जातं, आणि जायचं असतं साडेपस्तीस. उरलेले दहा मिलिमीटर कोणताही स्क्रू भरून काढू शकत नाही.

म्हणून एक खूण लक्षात ठेवा. केबलचा ताण वाढवून एक टोक जुळलं आणि त्याच वेळी दुसरं बिघडलं, तर ॲडजस्टर फिरवणं थांबवा. वाकलेला हँगर किंवा गंजलेली केबल आधी तपासा, आणि ते ठीक असेल तर शिफ्टर आणि डिरेलर एकमेकांचे नाहीत असं समजा. चांगला मिस्त्रीही इथे तास न् तास घालवतो, कारण त्याच्या हाताखालून जाणाऱ्या बहुतेक सायकली कारखान्यातून जुळूनच आलेल्या असतात.

उपाय निघाला तो कागदावर चुकीचा वाटेल असा. आम्ही दहाचा डिरेलर परत दिला आणि माउंटन बाइकचाच, पण नऊ गियरचा, आलिव्हिओ लावला. शिमानोच्या नऊ गियरपर्यंतच्या माउंटन डिरेलरचं गुणोत्तर जुन्या रोडसारखंच 1.7 आहे. डिरेलरला स्वतःला किती चक्र्या आहेत हे कळत नाही; क्लिक शिफ्टरमध्ये असतात, डिरेलर फक्त ओढला जातो तेवढा सरकतो. त्यामुळे दहाचा शिफ्टर, नऊचा डिरेलर, सनरेसची दहाची 11-36 कॅसेट आणि केएमसीची दहाची चेन ही चौकडी पहिल्या फेरीपासून नीट चालली. या डिरेलरला 36 दात्यांपर्यंतच झेपतं, त्याहून मोठी चक्री त्याच्यावर लादू नये.

एकाच कंपनीचे दोन पार्ट जुळले नाहीत आणि वेगवेगळ्या कंपन्यांचे जुळले, यात नवल नाही. जिथे केबल ओढली जाते तिथे घराणं सांभाळायचं, बाकी ठिकाणी मोकळेपणाने मिसळायचं. आठ, नऊ आणि दहाच्या कॅसेटमध्ये शिमानो, स्रॅम, सनरेस यांची अंतरं व्यवहारात सारखीच, तेव्हा मिळेल ती घ्या. चेन कुठल्याही कंपनीची चालेल, आकडा कॅसेटचा पाहिजे. घराण्यांच्या बाबतीत दोन अपवाद मात्र वहीत लिहून ठेवा. टियाग्रा 4700 दहाचीच असली तरी तिची केबल शिमानोच्या अकरा गियरच्या रोडसारखी चालते, त्यामुळे आमची युक्ती तिला लागू नाही. आणि स्रॅमचं गणित वेगळं आहे: त्यांचा दहाचा रोड शिफ्टर त्यांच्याच दहाच्या माउंटन डिरेलरला बरोबर बसतो, पण अकराच्या माउंटन डिरेलरला बसत नाही. मायक्रोशिफ्टचा ॲडव्हेंट हा नऊ गियरचा संच स्वस्त, क्लच असलेला आणि एका चेनरिंगवर चालणारा. त्याचा शिफ्टर आणि डिरेलर मात्र जोडीनेच घ्यायचे. सगळं नव्याने घेणार असाल तर मी आज तेच सुचवीन. आणि शिफ्टर हाताशी नसेल, तर क्लिक नसलेला साधा घर्षणाचा लिव्हर कोणत्याही डिरेलरला चालतो. बोटांना सवय व्हायला थोडा काळ लागतो, इतकंच.

चेनरिंग नॅरो-वाइडच हवी, म्हणजे एक दाता जाड, एक बारीक. हे चलन 2012 च्या सुमारास स्रॅमने रूढ केलं. चेनचे बाहेरचे दुवे जाड दात्यावर आणि आतले बारीक दात्यावर बसतात, त्यामुळे खड्ड्यात चेन उसळली तरी सहज उतरत नाही. चेन चढवताना हा क्रम पाहा, उलटी चढली तर ती दात्यांवर वर तरंगते. आमच्या आलिव्हिओला क्लच नाही, म्हणून आतल्या बाजूने फ्रेमवर एक छोटा चेन-कॅचर लावला. जुना पुढचा डिरेलरच स्क्रूने जागेवर जखडून चेनचा राखणदार म्हणून ठेवतात काही जण. कोरड्या रस्त्याला ठीक आहे, काळ्या मातीत तो पुन्हा तीच माती गोळा करतो.

एक बारीक गोष्ट इथे फार जणांना छळते. दोन-तीन चेनरिंगच्या क्रँकवरून एकच ठेवली की जुने बोल्ट लांब पडतात. ते आतल्या नटच्या तळाला टेकतात, हाताला घट्ट लागतात, आणि रिंग मात्र सैलच राहते. मग चढावर कर्रर्र आवाज येतो आणि माणूस बॉटम ब्रॅकेट बदलत बसतो. एका रिंगसाठीचे आखूड बोल्ट मागा, किंवा पातळ वॉशर घाला. तीन रिंगचा जुना माउंटन क्रँक असेल तर नवी रिंग मधल्या जागी लावा, चेन कॅसेटच्या साधारण मध्यावर येते. रिंग फ्रेमला घासत नाही ना, हे क्रँक पूर्ण फिरवून बघा.

आम्ही 38 दात्यांची रिंग घेतली. 36 च्या मागच्या चक्रीवर पायडलच्या एका फेरीत सायकल सुमारे सव्वादोन मीटर जाते, मिनिटाला साठ फेऱ्या मारल्या तर ताशी आठ किलोमीटर. जानापावच्या चढाला, वजन नसेल तर, हे पुरतं. 11 च्या चक्रीवर नव्वद फेऱ्यांना ताशी चाळीस. सुपर कॉरिडोरवर यापेक्षा जास्त वेग लागत असेल तर सायकल वेगळी घ्यावी.

पैसे खर्च करण्याआधी मागचं चाक काढून बघा. चक्र्या उलट्या फिरवा आणि मध्यभागी पाना बसतो त्या खाचांवर नजर ठेवा. खाचा चक्र्यांबरोबर फिरल्या तर कॅसेट आहे, स्थिर राहिल्या तर आट्यांचं फ्रीव्हील. आपल्याकडच्या स्वस्त गियरच्या सायकलींत सात चक्र्यांचं फ्रीव्हीलच फार असतं. त्यावर ही कॅसेट बसणारच नाही, आणि तिथे उजवा बेअरिंग टोकापासून बराच आत असल्यामुळे खडबडीत वाटेवर ॲक्सल वाकतो. अशा वेळी चाकाचा खर्च आधी धरा, मगच पुढचा विचार करा.

चेनची लांबी मोजताना ती डिरेलरमधून न ओवता पुढच्या रिंगवरून आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चक्रीवरून घ्या, जिथे टोकं भेटतात त्याच्यापुढे एक बाहेरचा आणि एक आतला दुवा जास्त ठेवा. काळी माती चेन भराभर खाते. नवीन चेनचे बारा पूर्ण दुवे, म्हणजे बाहेरचा-आतला अशा बारा जोड्या, बरोबर बारा इंच भरतात. पट्टीवर एक सोळांश इंच वाढले की चेन बदला. उशीर केलात तर कॅसेटही जाते, आणि मग स्वस्तात जोडलेली सायकल स्वस्त राहत नाही.

ब्रेकवर तडजोड करू नका, हे मी माझ्या भाच्याला बजावून सांगितलं आणि तुम्हालाही सांगतो. ड्रॉप हँडलचा शिफ्टर आणि ब्रेक एकाच लिव्हरमध्ये असतात, आणि तो लिव्हर कमी केबल ओढतो. माउंटन बाइकच्या लांब हातांच्या व्ही-ब्रेकला जास्त केबल लागते. दोघांना जोडलं तर पॅड रिमला टेकतात, पण लिव्हर हँडलला लागेपर्यंत जोर येत नाही. कँटिलिव्हर लावा, नाहीतर रोडच्या केबलसाठी बनवलेला डिस्क घ्या.

खरेदीला जाताना शिफ्टरवरचा मॉडेल नंबर लिहून न्या आणि दुकानदाराला डिरेलरचा नंबर विचारा. तो नुसता "दहाचा आहे" म्हणाला तर दुसरं दुकान पाहा. सायकल जोडून झाली की पहिली फेरी सुपर कॉरिडोरच्या सपाट रस्त्यावर मारा, सगळे गियर वर-खाली करून बघा, आणि मगच घाटाकडे वळा.