पोळ्याचा सण व ख्रिस्ती शेतकरी

वाचावयाचे शास्त्रभाग : निर्गम 23:12; लेवीय 23:9–22; अनुवाद 26:1–11; 1 करिंथ 10:23–31.

आपल्या जुन्नर-आंबेगांव भागांत कोठें श्रावणी, कोठें भाद्रपदी अमावास्येस बैलपोळा होतो. गेल्या भाद्रपदांत घोडेगांवच्या बाजूच्या एका बंधूंनीं आम्हांस त्याविषयीं प्रश्न केला. त्यांच्या दावणीस एकच जोडी आहे. त्या दिवशीं साऱ्या गांवाचे बैल नदीवर धुतले गेले, शिंगांस हिंगूळ व बेगड लागला, अंगावर झुली पडल्या. ह्यांचे बैल मात्र शेणानें माखलेले गोठ्यांतच उभे. शेजारी म्हणाला, "बाप्तिस्मा तूं घेतलास, बैलांनीं कां उपास करावा?" बंधूंनीं विचारिलें, "पाळकसाहेब, ह्यास काय उत्तर द्यावें?"

वाचकहो, शेजाऱ्याचें बोलणें थट्टेचें असलें तरी तें शास्त्राला धरून आहे. सातव्या दिवसाचा विसावा देवानें ठरविला तो केवळ मनुष्यासाठीं नव्हे. बैल व गाढव ह्यांसही विसावा मिळावा, असें निर्गमाच्या तेविसाव्या अध्यायांत स्पष्ट आहे. मळणीच्या बैलाच्या तोंडास मुसकें बांधूं नये, हीही मोशेच्या नियमशास्त्रांतील आज्ञा होय. तेव्हां वर्षभर नांगर ओढलेला बैल त्या एका दिवशीं धुतला गेला नाहीं, ह्यांत ख्रिस्तनिष्ठा ती कोणती? आमच्या मतें तो कामाचा हयगयपणा होय, आणि त्यानें आपल्या प्रभूचें नांव शेजाऱ्यांत हलकें होतें.

पोळ्यांत काय काय आहे तें निवडून पाहावें. आदल्या सायंकाळीं खांदेमळणी होते : जुंवानें घट्टे पडलेले खांदे ऊन पाण्यानें शेकून त्यांस तेल किंवा लोणी चोळितात. दुसऱ्या दिवशीं नवी वेसण, नवा कासरा, गळ्यांत घागरमाळ, आणि पुरणपोळीचा घांस. हा सर्व उपकार मानण्याचा भाग आहे. ह्यांत मूर्ति नाहीं. पुढें मिरवणूक मारुतीच्या देवळाकडे जाते, आणि घरीं आल्यावर बैलास ओवाळून त्याच्या पायां पडतात. येथें मात्र आपली वाट निराळी होते. म्हणून आम्हीं त्या बंधूंस सांगितलें : नदीवर सर्वांबरोबर जा, बैल चांगले सजवा, मिरवणूक देवळाकडे वळली म्हणजे आपली जोडी घेऊन सरळ घरीं या. कुटुंबासह त्यांस पुरणपोळी चारा, आणि बैलांपुढें हात न जोडतां ज्यानें बैल दिले त्याचे आभार माना. मोठ्यानें माना, शेजाऱ्यांस ऐकूं जाऊं द्या. चोरून कांहीं करूं नका. शेजाऱ्यानें ताट धाडिलें तर पौलाप्रमाणें चौकशी न करितां खावें. हा नैवेद्य आहे असें कोणी मुद्दाम सांगितलें, तर सांगणाऱ्याच्या विवेकासाठीं नम्रपणें नको म्हणावें.

हा प्रश्न मंडळीपुढें नव्यानें आलेला नाहीं. इ. स. 601 मध्यें रोमचे बिशप ग्रेगरी ह्यांनीं इंग्लंडांतील मिशनऱ्यांसाठीं एक पत्र लिहिलें. तेथील लोक आपल्या देवांपुढें पुष्कळ बैल कापीत. त्यांचा सण मोडूं नका, तो खऱ्या देवाच्या उपकारस्मरणाचा करा, असा त्यांत सल्ला आहे. ह्याच्या उलट 1736 सालीं गोव्यांत इन्क्विझिशनच्या फर्मानानें हळद, विडा-सुपारी, अंगणांतील तुळस ह्यांसही मनाई केली. हळद लावण्यांत पाप तें कोणतें, हें आम्हांस आजवर उमगलें नाहीं. त्याच गोव्यांत भाताचीं पहिलीं कणसें चर्चमध्यें आणण्याचा सण टिकून राहिला आहे, आणि मुंबई-वसईकडील ईस्ट इंडियन लोक ऑक्टोबराच्या पहिल्या रविवारीं आगेरा करितात. त्यांच्या पुष्कळ मतांशीं आपलें जुळत नाहीं, तरी पहिली पेंढी देवापुढें नेणें हें लेवीयाच्या तेविसाव्या अध्यायांतलेंच आहे.

आतां एक नाजूक गोष्ट. सणांत आमच्या वाडवडिलांस मान होता, असें कोणी कोणी सांगतात. मान होता खरा, पण तो वेशीजवळचा. मांगानें दोर वळावे, तोरण बांधावें, हलगी वाजवावी. महारानें गांवाचीं पडेल तीं कामें करावीं. आणि शेवटीं वरून टाकलेली पोळी पदरांत घ्यावी. 1958 च्या कायद्यानें तें वतन गेलें, पण संवय जावयास वेळ लागतो. आज एखादा बंधु जत्रेंत हलगी वाजवून चार पैसे मिळवितो. त्याला "देवापुढें वाजवूं नको" एवढेंच सांगून त्याची चूल विझूं देणारी मंडळी निर्दोष नाहीं. नाताळाच्या मिरवणुकींत त्याची हलगी पुढें असावी, व त्यास योग्य बिदागी मिळावी. नारायण वामन टिळकांनीं (1861–1919) भजन-कीर्तनास ख्रिस्ती उपासनेंत आपलेंसें केलें. हलगीनें काय अपराध केला?

चैत्र-वैशाखांतील जत्रांचे बैलगाडे हा आपल्या दोन्ही तालुक्यांचा जीव कीं प्राण. सर्वोच्च न्यायालयानें 2014 सालीं शर्यती बंद केल्या होत्या. मे 2023 मध्यें राज्याचा सुधारलेला कायदा त्याच न्यायालयानें ग्राह्य धरिला. परंतु कायद्यानें मोकळीक दिली म्हणून टोचलेला बैल कांहीं सुखावत नाहीं. पोळ्यास खांदा चोळणाऱ्या हातानें घाटांत पराणी धरूं नये.

पश्चिमेकडील डोंगरांत वाघबारसेस वाघोबापुढें खीर होते. तेथील उपदेशकांनीं त्याची थट्टा करूं नये. उंसांतल्या बिबट्याचें भय आज जुन्नरच्या प्रत्येक आईस ठाऊक आहे. त्या सायंकाळीं ख्रिस्ती घरांनीं एकत्र जमून गुरांसाठीं व गुराख्यांसाठीं प्रार्थना करावी.

बाजरी घरीं आली म्हणजे आपल्या मंडळ्या कापणीचा सण करितात, हें योग्यच आहे. पण त्यांतही पाहण्यासारखें आहे. उपासनेनंतर लिलाव होतो. धनवान बंधु एक भोपळा भलत्या किंमतीस घेतो आणि टाळ्या पडतात. विधवेनें आणिलेली मूठभर बाजरी ढिगांत मिसळून जाते. लेवीयाच्या त्याच अध्यायांत, सणांच्या नियमांच्या मध्यें, शेताच्या कडा गरिबांस व परक्यांस सोडाव्या अशी आज्ञा आहे. म्हणून पुढील सणास लिलावापूर्वीं एक टोपली भरून बाजूस काढावी, आणि ती कोणाच्या घरीं गेली हें दोन पंचांवांचून कोणास कळूं नये.